सेटिंगमधली ती लांबलचक यादी

फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून कायदेशीर माहितीवर बोट ठेवलं, की परवान्यांची न संपणारी यादी सरकू लागते. वाचतं कोण ती? पण ती तिथे असावीच लागते.

अ‍ॅप म्हणजे शेवटी लिहून ठेवलेल्या सूचना, म्हणजेच कोड. ओपन सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा, आपल्या अ‍ॅपमध्ये घ्यावा. विरजणासारखंच हे, दिल्याने देणाऱ्याचं दही संपत नाही. अटी मात्र असतात. ‘अपाची’ परवाना म्हणतो, मूळ लेखकांची नोंद पुसू नका. ‘जीपीएल’ त्याहून कडक: बदललेलं अ‍ॅप वाटायचं, तर त्याचा कोडही खुला करा. यादीतली नावं येतात ती अशा अटींमुळेच.

असा कोड पुढे कसा वापरला जातो, यासाठी के-नाइन मेल या ईमेल अ‍ॅपचं उदाहरण घ्या. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्तीसोबत आलेल्या ईमेल अ‍ॅपचा कोड घेऊन २००८ मध्ये ते सुरू झालं. (नाव ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या यांत्रिक कुत्र्याचं!) पुढे संगणकावरच्या ‘थंडरबर्ड’ या ईमेल प्रोग्रामच्या लोकांना मोबाइल अ‍ॅप हवं होतं. पहिल्यापासून लिहीत बसण्याऐवजी त्यांनी २०२२ मध्ये के-नाइनलाच आपल्यात घेतलं. शहाणपणाचा सौदा! ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कोडमधून अँड्रॉइडसाठीचं थंडरबर्ड बाहेर पडलं.