नऊ एकांचा वर्ग

मंडळी, 1 हा आकडा नऊदा लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर 12345678987654321. सतरा आकडी! उलटी वाचा, तीच. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (1905–1986) यांनी असल्या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. नाव रेल्वे स्टेशनावरून घेतलेले.

हे घडते कसे? पाटीवर गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. मधल्या रकान्यात नऊ एक जमतात, कडेला एकच. हातचा कुठेच नाही, आणि मुलं चुकतात ती हातच्यातच.

दहा एक घेतलेत की मात्र मधे दहा भरतात, हातचा येतो अन् जिना मोडतो: 1234567900987654321.

आता नऊ एकांना 9 ने भागा. 12345679 येतील. यातला आठ कुठे गेला, ते वर्गातल्या पोरांनाच शोधू द्या.