मृगाआधी शंभर बिया मोजूया



विज्ञानाचा धडा पाठ करून गुण मिळतात. परंतु बी का उगवते आणि का उगवत नाही, हे समजायचे तर ते हाताने रुजवून, मोजून पाहावे लागते. आपल्या नार्नूर परिसरात हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. येथील अनेक घरांची वर्षाची मिळकत पऱ्हाटी, सोयाबीन व तुरीवर आहे. मृगात पेरलेले उगवले नाही तर दुबार पेरणी करावी लागते. त्यात बियाणे व मजुरीचा पैसा जातो आणि पावसाचे दिवसही हातचे जातात. म्हणूनच सहावी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने उगवणक्षमता तपासण्याचा प्रयोग शिकावा, असे आम्हाला वाटते.

सोयाबीनच का?

सोयाबीनच्या फुलात स्वपरागण होते. त्यामुळे सरळ वाणाचे घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते. पऱ्हाटीचे तसे नाही. भारतात 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज बहुतेक शेतकरी संकरित बीटी बियाणे दरवर्षी विकत घेतात. घरच्या सोयाबीनची जबाबदारी मात्र आपलीच. त्याचे टरफल पातळ असते. मळणीत मार बसला, पोते आपटले किंवा ओल लागली, की आतला अंकुर दुखावतो. वरून बी टपोरे दिसते, पण उगवत नाही.

प्रयोगाची कृती

1. पोत्याच्या वरून, मधून व तळातून मूठ-मूठ बी घेऊन मिसळा. त्यातून न निवडता 100 बिया मोजा. चांगल्या बिया वेचून घेतल्या तर उत्तर खोटे येईल.
2. स्वच्छ गोणपाट भिजवून पिळून घ्या. त्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी थोड्या अंतराने मांडा.
3. वरून दुसरे ओले गोणपाट ठेवा, सैल गुंडाळी करा व सावलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. गोणपाट ओलसर राहावे, पाणी निथळू नये.
4. सातव्या दिवशी गुंडाळी उघडा. मूळ व कोंब दोन्ही धडधाकट असलेली रोपेच मोजा. कुजलेल्या, वाकड्या व नुसत्या फुगलेल्या बिया वेगळ्या मोजा.

वर्गात चार गट करून प्रत्येकाने 100 बिया घ्याव्यात. बियाणे प्रयोगशाळेतही 400 बिया शंभर-शंभराच्या भागांत तपासतात. चार गटांची उत्तरे थोडी वेगळी येणारच. फरक फार मोठा आला, तर कोणाचे पाणी जास्त झाले, कोणाचे गोणपाट सुकले, याचा शोध विद्यार्थ्यांनीच घ्यावा.

आकड्याचा उपयोग

प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान 70 टक्के उगवण ठरलेली आहे. एवढी आली तर एकरी सुमारे 30 किलो बियाणे पुरते. समजा 60 बियाच उगवल्या, तर 30 × 70 ÷ 60 म्हणजे 35 किलो लागेल. वर्गातले त्रैराशिक येथे कामी येते. निम्म्याही बिया उगवल्या नाहीत, तर ते बियाणे न पेरलेलेच बरे.

आणखी दोन प्रयोग

एका पेल्यात दहा बिया ओल्या कापसावर ठेवा, दुसऱ्यात दहा बिया पाण्यात पूर्ण बुडवा. बुडालेल्या बियांना हवा मिळत नाही, त्या कुजतात. काळ्या जमिनीत पाणी साचल्यावर हेच घडते.

दुसरे असे की, एका कुंडीत 3 सेंटिमीटर व दुसरीत 10 सेंटिमीटर खोल बी लावा. सोयाबीन आपल्या दोन्ही डाळिंब्या ढकलत मातीबाहेर आणते. खोल गेलेल्या बियाची शक्ती वाटेतच संपते. तुरीच्या डाळिंब्या मातीतच राहतात. दोन्ही शेजारी लावून फरक पाहावा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व सारखे ठेवावे. प्रयोगाचा मुख्य नियम तोच आहे.

ही पद्धत नवी नाही. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांपासून 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला. 'बाल वैज्ञानिक' ही त्याची पाठ्यपुस्तके. गावातली मुले गटाने प्रयोग करीत व निरीक्षणे स्वतःच्या शब्दांत लिहीत. 2002 मध्ये शासनाने तो बंद केला, पण गावच्या साध्या साहित्यातून विज्ञान शिकता येते, हे त्याने दाखवून दिले.

पालकांना विनंती

उन्हाळी सुटीआधी एप्रिलमध्ये शाळेत सराव व्हावा आणि मेअखेरीस मुलांनी घरच्या बियाण्याची चाचणी करावी. त्यासाठी मूठभर बी त्यांच्या हाती द्यावे. रंगीत औषध लावलेले विकतचे बियाणे मुलांना हाताळू देऊ नये. त्याच्या पिशवीवरील उगवणक्षमता व तपासणीची तारीख मात्र त्यांच्याकडून वाचून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. चाचणीतले बी कोणीही खाऊ नये.

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी मोठी नाही. काही जुनी गोणपाटे, वीस कुंड्या व प्रत्येक गटाला एक वही मिळावी. वहीत तारीख, उगवलेल्या बिया व न उगवलेल्या बिया, एवढे तीन रकाने पुरेत. न उगवलेल्या बियांचा आकडाही प्रामाणिकपणे लिहावा. पेरणीआधी घरच्यांना त्याचाच अधिक उपयोग होणार आहे.