ग्लायडरची उजळणी : महिने नव्हे, उड्डाणे मोजा

अहिल्यानगरच्या वैमानिकाला आपल्या परवान्याला ग्लायडरची जोड द्यायची असेल, तर जवळची सोय पुण्यात हडपसरला, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ग्लायडिंग केंद्रात आहे. परवाना मिळाल्यानंतर उजळणी किती हवी, हा मात्र खरा प्रश्न. अमेरिकेत दर 24 महिन्यांनी प्रशिक्षकासोबत उजळणी सक्तीची आहे. पण ग्लायडरची परीक्षा उत्तीर्ण झाली की तीच उजळणी धरली जाते, इंजिनाच्या विमानासाठीसुद्धा. युरोपचा नियम मला अधिक शहाणा वाटतो : 24 महिन्यांत किमान 5 तास, त्यांत 15 उड्डाणे आणि प्रशिक्षकासोबतची 2 प्रशिक्षण-उड्डाणे. जमिनीवरच्या विंचने केबल ओढून ग्लायडर वर चढवला जात असताना ती केबल तुटली, तर नाक तत्काळ खाली घेऊन वेग राखावा लागतो. ही हालचाल तासांनी नव्हे, उड्डाणांच्या संख्येने अंगवळणी पडते.

हजारो तास विमान चालवलेल्याला या उजळणीची गरज काय, असा आक्षेप येतो, आणि दाखला दिला जातो तो असा : 1983 मध्ये इंधन संपलेले एअर कॅनडाचे बोइंग 767 कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी ग्लायडरच्या अनुभवावर, तिरके घसरवत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले, सगळे वाचले. पण त्यातून ग्लायडरच्या कौशल्याचे मोल दिसते, उजळणी अनावश्यक ठरत नाही. उलट इंजिनाची सवय इथे आडवी येते : उतरताना अंदाज चुकला की हात थ्रॉटल शोधतो, आणि साध्या ग्लायडरला तो नसतोच. म्हणून जोड-परवाना घेणाऱ्यांनी नियमाची वाट न पाहता, मोठ्या खंडानंतर पहिले उड्डाण प्रशिक्षकासोबतच करावे.