अंध गिऱ्हाईक आणि ब्राझीलची पंगत

मागील सत्रात आम्हांला सेवा-उद्योगावर एक प्रकल्प लिहावयाचा होता. माझा जोडीदार जन्मांध आहे. (नाव छापायचे नाही ही त्याचीच अट, म्हणून येथे त्याला नुसते 'मित्र' म्हणतो.) विषय घेतला ब्राझीलमधील 'शुरास्कारिया', म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाची खानावळ. मी वाचीत होतो, तो ऐकत होता. मध्येच तो म्हणाला, "हे सगळं ठीक रे, पण मी तिथं गेलो तर जेवणार कसा?" प्रकल्पाला गुण बरे मिळाले, पण या प्रश्नाचे उत्तर त्यात कोठेच नव्हते.

प्रथम ही खानावळ कशी चालते ते सांगतो. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे दो सुल नावाचे राज्य आहे. तेथील गुराखी जाडे मीठ लावून मांस सळईवर भाजीत. त्यातून पुढे 'रोडिझियो' ही पद्धत आली. दर माणशी एकच ठरलेला. वाढपी लांब सळया घेऊन टेबलाटेबलांमधून फिरतात आणि गिऱ्हाईकाच्या ताटात सुरीने काप पाडून देतात. काप धरायला गिऱ्हाईकाजवळ लहानसा चिमटा असतो. पुष्कळ ठिकाणी टेबलावर एक चकतीही असते. हिरवी बाजू वर केली तर 'आणा', लाल केली तर 'थांबा'.

मित्र हसू लागला. "अरे, ही तर आपली पंगतच की!"

वाचकहो, विचार केल्यावर मलाही ते पटले. आपल्या पंगतीतही वाढपीच फिरतो, आणि नको असेल तर आपण पानावर आडवा हात धरतो. फरक एवढाच, की आपला वाढपी "जिलेबी, जिलेबी" अशी हाक देत येतो. काय येत आहे, किती दूर आहे, हे मित्राला तीन माणसे अलीकडेच कळते. शिवाय पान वाढण्याची रीत ठरलेली. वर मध्ये मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, समोर भात. लग्नाच्या पंगतीत त्याला कधीच कोणाला काही विचारावे लागत नाही. आपल्या आजीने ही रीत काही अंधांसाठी घातली नव्हती, पण उपयोगी पडते ती अशी.

आता चकतीचे पाहा. मित्र ती उलटू शकेल; पण आत्ता कोणती बाजू वर आहे हे त्याला बोटांनी कसे कळावे? एका बाजूला नुसती खाच पाडली तरी काम होईल. हात आडवा धरायचा म्हटले तर येथे पळी नसून धारदार सुरी आहे. तेव्हा आम्ही असे ठरविले : चकती बाजूला ठेवावी, बसल्याबरोबर वाढप्याला सांगावे की आलास की मांसाचे नाव घे, मी हो-नाही सांगेन, आणि काप ताटात सहाच्या जागी ठेव. सहाची जागा म्हणजे घड्याळाची. ताट हे घड्याळ समजायचे, खाणाऱ्याच्या जवळची कड सहाची, पलीकडची बाराची. ही युक्ती जगभर अंधांना शिकवितात. बाराच्या जागी 'फरोफा', म्हणजे भाजलेले कसाव्याचे पीठ, घ्यावे असे मित्राचे मत पडले. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. तो, बटाटा आणि शेंगदाणा, तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. "म्हणजे दर एकादशीला मी तिकडचंच जेवतो," मित्र म्हणाला.

वाढप्याला सांगावे, असे मी सहज लिहून गेलो. खरी अडचण तेथेच आहे, आणि ती येथे लिहिताना मला संकोच वाटतो. प्रकल्प संपल्याच्या आनंदात आम्ही गावातल्या एका हॉटेलात गेलो. वेटरने मित्राकडे एकदा पाहिले आणि मला विचारले, "अवरिगे एन बेकु?" यांना काय पाहिजे? मी "मसाला डोसा" म्हणून मोकळा झालो. मित्र गप्प राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला उत्तप्पा खायचा होता. आणि कन्नड मला तुझ्यापेक्षा चांगलं येतं." पुढच्या वेळी वेटर माझ्याकडे वळताच त्याने स्वतःच सांगितले, "नन्न केळ्री." मला विचारा. वेटर ओशाळला, पण त्याने मग सारी यादी दरांसह म्हणून दाखविली.

ब्रेलमधील दरपत्रक हा उपाय बरेच लोक सुचवितात. तो चांगलाच आहे. पण दर बदलले की छापील पत्रकावर शाईने खोडता येते, ब्रेलमध्ये नवे पान काढावे लागते. ते कोणी काढीत नाही. ब्राझीलमध्ये ताट तोलून दर लावणारी 'पोर किलो' हॉटेलेही पुष्कळ आहेत. तेथे काट्यावरचा आकडा वाचून दाखविला नाही, तर अंध गिऱ्हाईकाने सारे विश्वासावर सोडायचे.

शेवटी पैसे. ब्राझील या बाबतीत मागासलेला देश नव्हे. १८५४ साली रिओत अंध मुलांची शाळा निघाली. २००५ च्या कायद्याने वाटाड्या कुत्र्यासह कोठेही प्रवेशाचा हक्क मिळाला. २०१० पासून आलेल्या नोटा दर पायरीला ७ मिलिमीटरने लांब होत गेल्या : १० रियालची १३५, २० ची १४२, ५० ची १४९. बोटांना हा फरक कळतो. आणि २०२० साली २०० रियालची नोट काढली ती नेमकी २० च्या मापाची! दहापट किमतीची नोट, लांबी-रुंदी तीच. अंधांनी तक्रार केली, प्रकरण न्यायालयात गेले. नोटेवर उठावाच्या खुणा आहेत. पण हाताळून हाताळून त्या सपाट होतात. वाणिज्य शाखेत आम्ही चलनाची चार कार्ये पाठ करतो. त्यांत 'ओळखता येणे' हे कोठे येत नाही.

आपल्याकडे १०० ची नोट १४२ मिलिमीटर, २०० ची १४६, ५०० ची १५०. पायरी अवघी ४ ची. १०० वर उठावाचा त्रिकोण, ५०० वर वर्तुळ आणि कडेला तिरक्या रेघा आहेत, त्याही नव्या नोटेवरच नीट लागतात. रिझर्व्ह बँकेने २०२० साली 'मनी' हे मोबाइल ॲप काढले, ते नोट पाहून किंमत बोलून सांगते. मित्र मात्र नोटा घरीच बहिणीकडून लावून घेतो : १०० ची सरळ, २०० ची एक घडी, ५०० ची दोन घड्या.

चहाच्या गाड्यावर त्याला आता घड्याही लागत नाहीत. तो मोबाइलवरून पैसे देतो आणि गाडीवरचा डबा रक्कम मोठ्याने बोलतो. तो डबा मालकाच्या सोयीसाठी बसविलेला आहे. पण मित्र तो बोलेपर्यंत जागचा हलत नाही, आणि परवा दोन चहांऐवजी तीनांचे पैसे गेले तेव्हा माझ्या आधी त्यानेच मालकाला हाक मारली.