धरणांच्या काठाने सायकल: भोर-वेल्ह्यातील समज आणि वस्तुस्थिती

भोर आणि वेल्हे या तालुक्यांना समुद्र नाही, पण काठ भरपूर आहे. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव या धरणांचे पाणी मावळच्या जुन्या खोऱ्यांत दूरवर शिरलेले आहे. त्या फुगवट्याच्या कडेने जाणारे गावरस्ते सावकाश सायकलभ्रमंतीसाठी उत्तम आहेत. वर्दळ कमी, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि त्यांच्या मागे राजगड-तोरण्याची रांग. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, बोलण्यात मात्र वेल्हेच टिकून आहे.) या भ्रमंतीविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून निघतात: पाणी सपाट आणि स्थिर दिसते, म्हणजे भोवतालचे सगळेही तसेच असणार.

पहिला समज रस्त्याचा. पाण्याकाठचा रस्ता सपाट असतो, असे गृहीत धरून अनेकजण दिवसाचा बेत आखतात. प्रत्यक्षात धरणाचे पाणी प्रत्येक ओढ्याच्या घळीत शिरलेले असते आणि दोन घळींच्या मध्ये डोंगराची सोंड पाण्यापर्यंत उतरलेली असते. रस्ता घळीत उतरतो, मोरी ओलांडतो, सोंडेवर चढतो आणि पुन्हा उतरतो. एकेक चढ किरकोळ, पण बेरीज किरकोळ नसते. पंचवीस मीटरचे वीस चढ म्हणजे दिवसाकाठी ५०० मीटर, म्हणजे एक सबंध घाट. शिवाय असा चढ संपताच उतार येतो, त्यामुळे पायांना घाटातल्यासारखी एकसंध लय सापडत नाही. अंतराचीही अशीच फसगत होते. समोरच्या काठावरचे गाव हाकेच्या अंतरावर दिसते, पण रस्त्याने तिथे पोचायला फुगवट्याचे टोक गाठून वळसा घालावा लागतो. म्हणून या भागात किलोमीटर मोजून बेत करू नये. नकाशावर उंचीच्या रेषा पाहाव्यात आणि दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर पुरेसे मानावेत.

याच्या नेमका उलट समजही तितकाच पसरलेला आहे: हा घाटमाथ्याचा मुलूख, इथे कसलेल्या सायकलपटूंचेच काम. हिशेब वेगळे सांगतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन धरले आणि सहा टक्क्यांचा चढ ताशी सहा किलोमीटर वेगाने चढला, तर सुमारे ९० वॅट शक्ती लागते. निरोगी माणूस जिना सावकाश चढतानाही जवळपास एवढीच शक्ती लावतो. तोच चढ ताशी बारा किलोमीटरने चढायचा तर शक्ती दुपटीहून अधिक लागते. दम लागतो तो डोंगरामुळे कमी आणि घाईमुळे जास्त. अर्थात इतक्या कमी वेगाने पॅडल फिरवत राहायचे तर गिअर तसा हवा. पुढे ४४ आणि मागे १८ दात्यांच्या जुन्या एकगिअरी सायकलचे पॅडल एकदा पूर्ण फिरले की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. पुढे २८ आणि मागे ३४ दाते असलेला गिअर असेल तर तेवढ्याच फेरीत ती पावणेदोन-दोन मीटर जाते आणि चढ गुडघ्यांवर येत नाही. यासाठी महागडी कार्बन सायकल लागत नाही. साध्या गिअरच्या सायकलीलाही मागे जास्त दात्यांची चकती बसवता येते. पैसे खर्च करायचेच तर ब्रेकवर आणि जरा रुंद टायरवर करावेत, कारण गावरस्त्यांवर खडी, शेण आणि ओली माती यांची गाठ अनेकदा वळणावरच पडते.

तिसरा समज पाण्याचा. छायाचित्रात दिसणारे काठोकाठ भरलेले निळे तळे वर्षभर तसेच राहील, असे वाटते. ही धरणे मात्र तळी नाहीत, कोठारे आहेत. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बांधून झाले. तेव्हा त्याला लॉईड धरण म्हणत. आज जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. इथले पाणी खाली वीर धरणात जाते आणि तिथून नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शेतांत पोचते. सिंचनाची आवर्तने सुटतात तशी इथली पातळी उतरत जाते. मे महिन्यात कित्येक ठिकाणी काठ म्हणजे भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा असतो. ज्याला फक्त निळे पाणी हवे त्याची तेव्हा निराशा होईल, पण या काळाचे स्वतःचे मोल आहे. पाण्याखाली गेलेले जुने बांध उघडे पडतात आणि कांबरे बुद्रुकजवळचे, एरवी बुडालेले कांबरेश्वराचे दगडी मंदिर वर येते. धरणाने काय काय पोटात घेतले, हे तेव्हाच नीट दिसते.

पाणी संथ म्हणून पोहायला सुरक्षित, हा समज मात्र जिवावर बेतणारा आहे. बुडालेल्या खाचरांचे बांध पाण्याखाली पायऱ्यांसारखे असतात; कमरेएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल एकदम खोलात पडू शकते आणि गाळात रुतलेला पाय सहज सुटत नाही. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरणेही टाळावे. भाटघरचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पात्रातले पाणी झपाट्याने वाढते.

पावसाळा हा सर्वोत्तम काळ, ही समजूत मुख्यतः धबधब्यांमुळे झाली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, धुक्यात वाहनचालकाला सायकल दिसत नाही आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. भोरहून महाडकडे जाणारा वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद केला जातो. केळदजवळचा मढे घाट ही तर मुळात पायवाट. तानाजी मालुसऱ्यांचे पार्थिव या वाटेने कोकणात नेल्याचे परंपरा सांगते. सायकलसाठी चांगले दिवस सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात. धरणे भरलेली असतात, रायरेश्वराच्या पठारावर फुले असतात आणि खाचरांत भात निसवलेला असतो. त्यापुढे फेब्रुवारीपर्यंतच्या थंडीत पाणपक्षी दिसतात.

सायकलला आवाज नाही, म्हणून पक्षी विचलित होत नाहीत, हेही अर्धेच खरे. दुरून आवाज देत येणाऱ्या गाडीची चाहूल आधी लागते. वळणावरून अचानक अवतरलेला सायकलस्वार जास्त दचकवतो. काठावर बसलेल्या थव्यापासून अंतर राखून थांबावे. भाटघर किंवा नीरा देवघर हे घोषित पक्षी अभयारण्य नाही, यावरून इथे नियमच नाहीत असाही निष्कर्ष काढला जातो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्याच्या हद्दीबाहेरही लागू असतो. काठाची मोकळी दिसणारी जमीन जलसंपदा विभागाची, वनखात्याची किंवा कुणा शेतकऱ्याची असते. उतरत्या पाण्यामागे उघड्या पडलेल्या गाळातही अनेक ठिकाणी पीक घेतले जाते. तंबू ठोकण्याआधी गावात विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. गावोगावच्या देवरायांत तर चूल मांडणे सोडाच, पडलेले लाकूड उचलणेही परंपरेने वर्ज्य आहे.

राहता राहिली गाव जवळच असल्याची खात्री. कापूरव्होळ, नसरापूर, भोर आणि वेल्हे सोडले की सायकलदुरुस्ती मिळेल असे धरून चालू नये; जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान जवळ हवे. फुगवट्याच्या आतल्या टोकाला मोबाईलची रेंज अनेकदा जाते. पश्चिमेचे डोंगर उंच असल्याने खोऱ्यात सावली लवकर उतरते, तेव्हा मागचा लाल दिवा सूर्यास्ताची वाट न पाहता लावावा.