नवागामच्या कढईतलं इंधन

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात सांजोऱ्या तळल्याचा वास सुटतो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून भुसावळ-सुरत गाडीनं इथं आलेल्या कुटुंबांनी लूमवर आणि डाइंग मिलमध्ये काम धरलं, मुलं गुजराती बोलू लागली, तरी सणाचं तळण खानदेशीच राहिलं. तळण आटोपलं की कढईत काळपट, जरा दाट झालेलं तेल उरतं. त्यातलं थोडं फोडणीला जातं, बाकीचं मोरीत. मोरीत जातं ते खरोखर काय असतं, हे कळलं तर ओतणारा हात थांबेल.

शेंगदाणा तेलाचा रेणू डोळ्यांसमोर आणायचा तर उत्तरायणातला तीन लांब शेपट्यांचा पतंग आठवावा. पतंग म्हणजे ग्लिसरीन, शेपट्या म्हणजे स्निग्धाम्लं. प्रत्येक शेपटीत बहुधा 16 किंवा 18 कार्बन अणू एकामागे एक ओवलेले. आता डिझेल पाहा. त्यातही कार्बनच्या साखळ्याच, बहुतेक 10 ते 20 अणूंच्या! जमिनीखाली कोट्यवधी वर्षं दबून जे तयार झालं आणि भुईमुगानं एका हंगामात उन्हातून जे घडवलं, त्या दोघांचं माप इतकं जुळावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मग तळताना बिघडतं काय? कढईत तेल 170-180 अंशांवर असतं. पदार्थातलं पाणी काही शेपट्या तोडतं, हवेतला ऑक्सिजन काहींत शिरतो, काही रेणू एकमेकांना चिकटून बसतात. कढईच्या काठावर जमणारा, घासून न निघणारा पिवळा थर तो हाच. या बिघडलेल्या द्रव्यांना ‘पोलर कंपाउंड’ म्हणतात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेनं 1 जुलै 2018 पासून लागू केला. आरोग्यासाठी तो हवाच. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू बघा: बाद ठरण्याच्या त्या रेषेवरही तेलाचा पाऊण भाग शाबूत असतो. पोटाला ते नको झालं, जळण म्हणून त्याची ताकद मात्र फारशी उतरलेली नसते.

तरी ते तसंच गाडीत ओतून चालत नाही. तेल डिझेलच्या जवळजवळ दहापट दाट; तिन्ही शेपट्या एकत्र बांधलेल्या, म्हणून ते इंजिनातल्या बारीक फवाऱ्यातून नीट सुटत नाही. कारखान्यात ते गाळतात, त्यातलं पाणी काढतात आणि साधारण 60 अंशांवर मेथॅनॉल व थोड्या कॉस्टिकबरोबर ढवळतात. मेथॅनॉलचे तीन रेणू येतात, एकेक शेपटी आपल्याशी जोडून घेतात आणि ग्लिसरीन मोकळं होतं. मिश्रण निवांत ठेवलं की आपोआप दोन थर पडतात: खाली जड ग्लिसरीन, वर सोनेरी, पातळ बायोडिझेल. 100 किलो तेलाला सुमारे 11 किलो मेथॅनॉल लागतं आणि हाती जवळजवळ 100 किलो इंधन येतं. वाया जवळपास काहीच जात नाही. ग्लिसरीनही शुद्ध करून औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरता येतं.

यातली मूळ कल्पना जुनीच आहे. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. आता तर वापरलेलं तेलही आकाशात पोचलं आहे. त्यावर हायड्रोजनची क्रिया करून ऑक्सिजन काढून टाकला की उरलेल्या साखळ्यांपासून विमानाचं इंधन बनवता येतं. 28 नोव्हेंबर 2023 ला व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला गेलं, ते मुख्यतः वापरलेलं तेल आणि टाकाऊ चरबी यांपासून केलेल्या इंधनावर.

आणि मोरीतून गेलेलं तेल? ते गटारात थिजतं, कचऱ्याला धरून दगडासारखं होतं. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपलखाली असा 250 मीटर लांबीचा, 130 टनांचा गोळा सापडला होता.

एफएसएसएआयनं 10 ऑगस्ट 2018 ला वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना सुरू केली. हॉटेलांकडे एका वेळी पिंपभर तेल मिळतं, म्हणून गोळा करणारे तिथं आधी जातात. एका घरातल्या वाटीभर तेलासाठी कुणी येणार नाही. पन्नास घरांच्या कॅनसाठी येऊ शकतो. तेव्हा नवागामच्या गल्ल्यांनी आणि सोसायट्यांनी एकत्र यावं. तेल थंड होऊ द्या, गाळून घ्या, कोरड्या कॅनमध्ये भरा. पाणी पडू देऊ नका, कारण पाण्यानं बायोडिझेल बनताना साबण होतो. आणि देताना नोंदणी असलेल्या संकलकालाच द्या, पावती मागा, माल कुठल्या कारखान्यात जातो ते विचारा. हेच तेल स्वस्तात विकलं जाऊन पुन्हा एखाद्या गाडीवरच्या कढईत पडता कामा नये. या दिवाळीच्या फराळापासून सुरुवात करा.