सदाफुलीचं पान आणि पेशीतला तर्कू

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत अंगणाअंगणांत सदाफुली फुलते आणि तिच्याबरोबर सल्लाही फुकट मिळतो: रोज चार पानं चावा, साखर उतरेल, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. साखरेचाच दावा तपासायला रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी कॅनडात उंदरांना पानांचा अर्क पाजला. साखर जागची हलली नाही. तोच अर्क शिरेतून दिला, तर पांढऱ्या पेशी घटून उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं. विनक्रिस्टिन हे त्याचं भावंड. पानात ही द्रव्यं अत्यल्प असतात, आणि विनक्रिस्टिन फक्त शिरेतूनच देतात. पानं चावत महिने घालवण्यापेक्षा खारघरचं ॲक्ट्रेक गाठावं. टाटा मेमोरियलचं हे केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे.

‘औषध पेशी जाळून टाकतं’ हेही खरं नाही. पेशी विभागताना ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांचा तर्कू उभा राहतो आणि गुणसूत्रं दोन बाजूंना नेतो. विनक्रिस्टिन ट्युब्युलिनला चिकटतं; नलिका बांधल्या जात नाहीत, पेशी अर्ध्यावर अडकते.

मग नलिका भक्कम केल्या तर विभाजन सुरळीत होईल? हा गैरसमज शिकलेल्यांचा. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरवरचं दुसरं औषध नलिका मोडूच देत नाही, हे सुसान हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. आणि विभाजन तरीही थांबतं! टिम मिचिसन आणि मार्क किर्श्नर यांनी १९८४ मध्ये उलगडा केला: एकेक नलिका वाढते, अचानक कोसळते, पुन्हा वाढते. गुणसूत्रं धरता येतात ती या चंचलपणामुळेच. त्याचा लगाम प्रथिनांच्या हाती. ईबी-१ वाढत्या टोकावर बसून इतरांना बोलावतं, एमकॅक टोक सोलतं, चेतापेशीत टाऊ नलिकांना आधार देतं.

तर्कूची दिशाही योगायोगाची नसते. पेशीच्या कडेला एलजीएन आणि नूमा ही प्रथिनं डायनीन या मोटर-प्रथिनाला जागा देतात. डायनीन नलिका ओढून तर्कू वळवतं, नांगराचा दोर ओढून होडीचं तोंड फिरवावं तसं. गर्भाच्या त्वचेत तर्कू आडवा असला तर दोन्ही पेशी तळच्या थरात राहतात. उभा झाला तर एक वरच्या थरात जाते.

आणि या औषधांनंतर हातापायांना येणाऱ्या मुंग्या? घरचे ‘अशक्तपणा’ म्हणून खीर वाढतात. लांबलचक चेतातंतूंतली वाहतूक याच नलिकांवरून चालते, तिथेच औषध लागतं. म्हणून मुंग्या वाढल्या तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगायचं असतं.